लोंकरीवरचा ठिपका

या शब्दसंग्रहाच्या वहीचे पहिले पान माझ्यासमोर आहे. कशेडी घाटाच्या पोलादपूरकडच्या अंगाला, हमरस्ता सोडून डोंगरात चढले की धनगरवाड्या लागतात. तिथल्या एका ओटीवर बसून संकलन करणाऱ्या गुरुजींनी विचारले होते, म्हशीच्या अंगावरच्या केसांना तुम्ही काय म्हणता? म्हातारीने उत्तर दिले, “लव.” मग लोकर कशाला म्हणायचे? “लोकर मेंढीची, गुरुजी. मेंढी देशावर. आमच्याकडं या पावसात मेंढरू जगंल का?” बोलता बोलता तिने पाठीमागच्या दांडीवरची काळी घोंगडी ओढून गुरुजींच्या बसण्याखाली घातली. ती घोंगडी अर्थातच लोकरीची होती.

या तीन वाक्यांत आणि एका घोंगडीत हा सगळा विषय आहे, असे मला वाटते. वस्तू घरात रोज वापरात आहे, तिचा शब्द तोंडात आहे, पण ती जिच्या अंगावर उगवते ती मेंढी घाटाच्या पलीकडे. महाड-पोलादपूरचे धनगर हे गवळी धनगर. त्यांचे धन म्हणजे म्हशी आणि गाई. तूप-लोणी त्यांचा पिढीजात व्यवसाय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या डोंगरांत मेंढीचे खूर कुजतात, अंगावरची लोकर भिजून जड होते, ती आजारी पडते. म्हणून मेंढ्या पाळणारे हाटकर धनगर देशावरच्या कोरड्या पट्ट्यात राहिले आणि म्हशीवाले गवळी सह्याद्रीच्या माथ्यावर. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८२ मध्ये गवळी धनगरांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जातींनी निसर्गातले आपापले कोनाडे कसे वाटून घेतले हे दाखवले आहे. कोनाडे वेगळे झाले की शब्दही वेगळे होतात, एवढी पुस्ती मी त्याला जोडतो. कानडीत ‘दन’ म्हणजे गुरेढोरे. धनगर हे नाव त्या दनाशी जोडा की संस्कृत धनाशी, दोन्ही वाटांनी ते गुरांपाशीच येते. मेंढीशी ते घट्ट बांधले गेले ते आपल्या शहरी डोक्यात.

आता शब्दाकडे वळू. आज आपण ‘लोकर’ लिहितो. मोल्सवर्थच्या कोशात तो ‘लोंकर’ आहे, लो वर अनुस्वार देऊन, आणि कंसात मूळ दिले आहे लोम. १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले, तेव्हा ज्यांचा उच्चार होत नाही असे व्युत्पत्तीने आलेले अनुस्वार गेले. लिहिणाऱ्यांची, छापणाऱ्यांची आणि शाळेतल्या मुलांची त्यामुळे मोठी सोय झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण प्रत्येक ठिपक्याखाली काहीतरी पुरलेले होते. नांव, गांव, सांवळा, आंवळा, चंवरी, भुंई हे शब्द जुन्या पुस्तकात पाहा. त्यांच्यामागे नाम, ग्राम, श्यामल, आमलक, चामर, भूमि उभे आहेत. प्रत्येकात एक ‘म’ होता. प्राकृताच्या वाटेने येताना तो ओठांवरून सुटला, बहुतेक ठिकाणी त्याचा व झाला, आणि मागे नाकातला आवाज तेवढा उरला. पुढे तो आवाजही विरला आणि ठिपका राहिला. लोंकरीवरचा ठिपका म्हणजे लोमातल्या म ची खूण. त्याच लोमापासून आपली ‘लव’ आली. तीही जुन्या लेखनात ‘लंव’ अशी भेटते आणि गोव्याच्या कोंकणीत ‘लोंव’ म्हणून आजही नाकात बोलली जाते. म्हणजे म्हातारीने ज्या दोन शब्दांत म्हैस आणि मेंढी वेगळी केली, ते दोन्ही एकाच पोटचे.

‘लोंकर’मधल्या ‘कर’चा मात्र अनेकांना मोह पडतो. महाडकर, पेणकर यांतला ‘कर’ तिथे दिसल्यासारखा वाटतो. पण तो कर गावाला लागून माणूस दाखवतो. अंगावरच्या केसाला लागून वस्तू दाखवत नाही. या संग्रहाने तो मोह आवरला आहे, आणि ऐकायला गोड वाटते म्हणून एकही व्युत्पत्ती आत घेतलेली नाही. शब्दांच्या पुस्तकात याहून मोठा गुण मला माहीत नाही.

लोमाचे स्वतःचे मूळ शोधू गेले की दोन जुन्या घराण्यांची गाठ पडते. आपल्या वैयाकरणांनी उणादिसूत्रांत रोमन् आणि लोमन् हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले, आणि टीकाकारांनी लोमन् हा ‘लू’ म्हणजे कापणे या धातूपासून साधला. जे कापले जाते ते लोम. मेंढी कातरणाऱ्याला हे तात्काळ पटेल. तौलनिक भाषाशास्त्र वेगळे सांगते. त्याच्या मते ऋग्वेदातला शब्द रोमन् आहे, पुढच्या वाङ्मयात र चा ल होत गेला आणि लोमन् बळावला. दोन शब्द नाहीतच, एकाचे दोन उच्चार आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलात एक स्त्री स्वतःला गांधार देशीच्या मेंढीसारखी रोमशा म्हणवते. म्हणजे अगदी आरंभीच हा शब्द माणसाच्या अंगावर आणि मेंढीच्या अंगावर एकाच वेळी आहे. मला दुसरे घराणे अधिक पटते, पण पहिल्याला टाकाऊ ठरवणे जमत नाही. शब्द कुठून निघाला हे दुसरे सांगते. लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहत होते हे पहिले सांगते.

या शब्दाची आणखी एक वाट अशी गेली आहे की आपण तिच्यावरून रोज चालतो आणि पायाखाली पाहत नाही. अनुलोम म्हणजे केस ज्या अंगाने झुकतात त्या अंगाने. प्रतिलोम आणि विलोम म्हणजे उलट अंगाने. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. मानेकडून शेपटीकडे हात सरकतो तो अनुलोम. उलट फिरवला की लव उभी राहते आणि म्हैस कातडी थरथरवते. हा तळहाताचा अनुभव प्राणायामाच्या वर्गात जाऊन बसला, आणि स्मृतिग्रंथांत शिरून कुणाच्या लग्नाला अनुलोम म्हणायचे, कुणाच्या संततीला प्रतिलोम म्हणून खाली ढकलायचे, याचे शास्त्र झाला. जनावराच्या केसाची दिशा माणसाच्या जन्माला लावली गेली. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि त्याच वर्षाअखेर मनुस्मृती जाळली गेली, त्या महाडाच्या शेजारून शब्द गोळा करताना हा अर्थ नजरेआड करणे मला लाजिरवाणे वाटले असते. संग्रहात ‘लोम’खाली ही नोंद आहे. ती असावी असा आग्रह मीच धरला होता.

हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात. ते संस्कृत ऊर्णा, आणि ऊर्णा ही इंग्रजी वूलची आणि लॅटिन लानाची सख्खी बहीण. सगळ्या एकाच इंडो-युरोपीय घरच्या. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, नाभीतून लोकर काढणारा. मराठीत मात्र उष्णपासून आलेले आपले ऊन दारात पसरले आहे. मार्गशीर्षात उन्हाला बसलेल्या माणसाला ‘ऊन अंगावर घे’ म्हटले तर त्याने काय समजावे? मराठीने लोकर जवळ केली हे मला तरी बरे झाले असे वाटते.

केसांचे बाकीचे शब्दही आपापल्या धन्याचे नाव सांगतात. डोक्यावरचा केस संस्कृत. घोड्याची आयाळ फारसी ‘याल’ची, घोडदळाबरोबर आलेली. चवरी ही चमराच्या, म्हणजे हिमालयातल्या याकच्या शेपटीची. देवळात ढाळली जाते ती मूळची बर्फातल्या जनावराची लव. रानडुकराचा केस राठ, सशाची लव मऊ. साळिंदराच्या अंगावर असतो तो काटा. शास्त्र सांगते की साळिंदराचा काटा हा केसच, केराटिन नावाच्या द्रव्याचा, जाड आणि टणक झालेला. मराठीला हे फार आधी ठाऊक असावे, कारण थंडीने आपली लव उभी राहिली की आपणही अंगावर काटा आला असेच म्हणतो. बाळाच्या पहिल्या केसांना जावळ म्हणतात. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीलाही जावळच म्हणतात, आणि त्या मऊ लोकरीची घोंगडी ती जावळाची घोंगडी. म्हैस भादरतात. हा भादरणे शब्द ‘भद्र’पासून आला, भद्र म्हणजे मंगल. संस्कृतात भद्रा करणे म्हणजे मुंडण करणे. उन्हाळ्यात म्हशीवर वस्तरा चालवणाऱ्याच्या तोंडी हा शब्द यज्ञशाळेतून आलेला आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

आता अशा शब्दांचा अभ्यास आपल्याकडे कसा होत गेला, ते नव्या वाचकासाठी सांगतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने देशीनाममाला रचली आणि ज्यांचे मूळ संस्कृतात सापडत नाही अशा शब्दांना एक घर दिले. तत्सम, तद्भव, देशी हे तीन खणांचे फडताळ त्याच्याही आधीपासून आपल्यापाशी आहे. शिवकालात, या संग्रहाच्या प्रदेशातल्याच रायगडाच्या सावलीत, राजव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी तो दहा वर्गांत रचला होता. त्याचा हेतू राज्याचा होता, रानातल्या शब्दांना त्यात जागा नव्हती. ती जागा पहिल्यांदा मिळाली १८२९ मधल्या शास्त्री मंडळींच्या महाराष्ट्र भाषेच्या कोशात आणि १८३१ मधल्या मोल्सवर्थच्या कोशात. १८५७ ची मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती आजही हाताशी नसेल तर माझे पान हलत नाही. त्याने शेतकरी, गुराखी, विणकर यांचे शब्द ज्या बारकाईने टिपले, ते वाचताना कोशकाराचा कान कसा असावा हे कळते.

पुढे राजवाडे आले. वि. का. राजवाड्यांची प्रतिभा अफाट. धातू, गावांची नावे, आडनावे, हाताला लागेल ते त्यांनी व्युत्पत्तीच्या मुशीत ओतले. पण प्रत्येक शब्दाला पाणिनीच्या दारात नेऊन उभे करण्याची त्यांची घाई आज मान्य करता येत नाही. त्याच सुमारास पॅरिसमध्ये झ्यूल ब्लॉक मराठीची घडण ध्वनींच्या नियमांनी उलगडत होते. म चा व कसा झाला हे त्यांच्यामुळे पद्धतशीर कळले. वा. गो. परांजप्यांनी तो ग्रंथ मराठीत आणला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात खंडांत निघाला, कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये आला, टर्नरचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश १९६६ मध्ये पुरा झाला आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये.

तिसरे घराणे दक्षिणेकडे तोंड करून बसले आहे. विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’मध्ये मराठीच्या मुळाशी तमिळ पाहिली. त्यांच्या सगळ्या जुळण्या मी स्वीकारत नाही. पण घोंगडी हातात घेतली की त्यांची दिशा चुकीची म्हणवत नाही. तेलंगणातले मेंढपाळही काळ्या लोकरीच्या पांघरुणाला गोंगडी म्हणतात. कांबळे मात्र संस्कृत कंबलाचे. कानडीतही ते कंबळी म्हणून गेले. बुद्धाच्या काळातला अजित केशकंबली तर माणसाच्या केसांचे कांबळे पांघरत असे, म्हणून त्याचे ते नाव. म्हणजे एकाच अंगावरच्या पांघरुणाला उत्तरेने एक नाव दिले, दख्खनने दुसरे, आणि मराठी माणूस दोन्ही बोलतो. गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यामागे मेंढपाळांबरोबर गावोगाव हिंडून जे लिहिले, त्यात कोशकारांना न दिसलेली गोष्ट आहे. देवाच्या बैठकीला घोंगडी अंथरली जाते, तिथे ती पांघरूण राहत नाही, पाट होते. ब्राह्मणी सोवळ्यातही सुती वस्त्र विटाळते, रेशीम आणि लोकरीची धाबळी विटाळत नाही. गावाच्या दोन टोकांना लोकर शुद्धच मानली गेली.

आणि आता घोंगडीच जरा जवळून पाहू. मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. लोकर पिंजून सूत काढतात. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने देतात, म्हणजे तो ताठ राहतो. विणणारे सनगर किंवा खुटेकर. नवी घोंगडी अंगाला टोचते. कोकणात ती पावसात गेली की मग कामाची होते. दख्खनी मेंढीचे केस जाड, त्यांच्यावर सूक्ष्म खवले. ओलाव्याने आणि चोळण्याने ते एकमेकांत अडकतात, वीण मिटत जाते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ती वाफ घेताना थोडी ऊब सोडते. म्हणून लावणीच्या दिवसांत बाया इरले घेत आणि नांगरामागचा गडी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून सोडी. तिचे टोक कपाळावर आले की पाणी नाकासमोरून ओघळे, पाठ कोरडी राही. मात्र एकदा आतपर्यंत भिजली की दोन-दोन दिवस वाळायची नाही. दांडीवर टाकली तर दांडी वाकवायची, खाली ओघळ, घरभर मेंढीचा वास. भिजत घोंगडे हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला तो कचेरीत बसणारा नव्हता, चुलीमागे घोंगडी वाळत घालणारा होता.

हे सारे आत्ताच का लिहून ठेवायचे? कारण लोकर फेकली जाऊ लागली आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. मेंढ्या आहेत, त्या मटणासाठी आणि शेतात बसवून मिळणाऱ्या लेंडीखतासाठी. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावात निघत नाही, म्हणून पुष्कळ मेंढपाळ ती कातरतात आणि बांधावर टाकून पुढे जातात. भात निघाल्यावर कोकणात उतरणारे कळप अजून दिसतात. त्यांच्या तळावर मात्र प्लास्टिकची ताडपत्री असते. पोलादपूरच्या बाजारात घोंगडी मागितली तर कारखान्यातले ब्लँकेट पुढे येते. कशेडीला बोगदा झाला, गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या; घाटातल्या जुन्या वळणांवर थांबून चहा घेणारा, वाडीवरच्या माणसाशी चार शब्द बोलणारा प्रवासी कमी झाला. वाडीवरची मुले मुंबई-पनवेलला कामाला आहेत. त्यांना लव ठाऊक आहे, भादरणे ठाऊक आहे, पण खोळ म्हटले की पुस्तकाची किंवा उशीची आठवते. शब्द मरतो तेव्हा आधी त्याचा एक अर्थ गळतो. तो गळताना ऐकू येत नाही.

या संग्रहाचा आवाका मुद्दाम लहान ठेवला आहे. महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके, कशेडी, वरंध आणि आंबेनळी या तीन घाटांची तोंडे, आणि जनावराच्या केसाभोवतीचे शब्द. बस्स. संकलन करणारे शाळामास्तर आहेत. सुट्टीच्या दिवशी पायी जाऊन त्यांनी हे टिपले. शब्द जिथे ऐकला ती वाडी, बोलणारा गुरे राखणारा की शेती करणारा की सोवळे पाळणारा, आणि त्या वेळी हातात काय होते, एवढे प्रत्येक नोंदीखाली दिले आहे. हातात काय होते ही नोंद मला फार मोलाची वाटते. रिकाम्या हाताने माणूस कोशातला शब्द सांगतो. वस्तरा हातात असला की घरातला. मोठ्या कोशांशी स्पर्धा करण्याचा इथे विचार नाही. त्यांच्या समासात भरायला हे टिपण आहे. व्युत्पत्ती जिथे ठाम तिथे ठाम दिली आहे, आणि दोन घराण्यांचे मत वेगळे असेल तिथे दोन्ही मते देऊन संकलकांनी आपला कौल सांगितला आहे. काही कौल माझ्याहून वेगळे आहेत. धनगर शब्दाखाली आमचे भांडण जसेच्या तसे छापले आहे.

वाचकाला एक सूचना. नोंदी अकारविल्हे लावलेल्या नाहीत. त्या जनावराच्या अंगावरून लावल्या आहेत: आधी डोके आणि आयाळ, मग मान, पाठ, पोट, शेवटी शेपटीचा झुपका. गुरुजींनी विचारले होते, हे चालेल का? मी म्हटले, अनुलोम आहे, चालेल.

आणि नोंदींच्या मथळ्यांपुरते आम्ही नियम मोडून जुने अनुस्वार परत ठेवले आहेत. मजकुरात लोकर आहे, मथळ्यावर लोंकर. मुद्रितशोधन करणाऱ्याने पहिल्या खेपेस ते सगळे ठिपके खोडून पाठवले होते. ते पुन्हा एकेक करून बसवायला दोन संध्याकाळी लागल्या.